मास्ट पडला त्याच दिवशी विमा कंपनीला का नाही कळवलंत?

एका हॅम ऑपरेटरचा, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्या माणसाचा, मेल आलाय. भाड्याच्या इमारतीच्या गच्चीवर, मालकाच्या तोंडी परवानगीवर, १२ मीटरचा मास्ट (अँटेनाचा उंच खांब, ताणाच्या तारांनी धरलेला) आणि वर १४४ मेगाहर्ट्झची यागी, म्हणजे एका दिशेला रोखलेली दांड्यांची अँटेना. वादळात ताणाची एक तार सुटली आणि मास्ट शेजारच्या छपरावर, तिथल्या सोलर पॅनलवर जाऊन पडला. माणूस कोणी खाली सापडला नाही हे नशीब. यांनी त्याच रात्री शेजाऱ्याला मेसेज केला, "चूक माझीच, सगळा खर्च मी देतो". पाच महिन्यांनी शेजाऱ्याच्या वकिलाची नोटीस आली, आकडा बघून यांना घाम फुटला आणि तेव्हा कुठे घराच्या विम्यात तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचं कव्हर आहे हे आठवलं. विमा कंपनी म्हणते उशीर झाला. यांचं म्हणणं, माझ्याकडे लायसन्स आहे, वादळ माझ्या हातात नव्हतं, मग मी जबाबदार कसा?

असे मेल मला वरचेवर येतात, फक्त पडलेली वस्तू बदलते. लायसन्सवर मी लिहीत बसत नाही, ट्रान्समिट करायची परवानगी म्हणजे मास्ट नीट उभा केल्याचा दाखला नव्हे हे परीक्षा पास झालेल्या माणसाला सांगायला लागू नये. वादळाच्या मुद्द्यावरही फार भिस्त ठेवू नका. तसा वारा तिथे अधूनमधून येतोच का, हे कोर्ट आधी विचारेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि तुम्हीच लिहिलंय की पाच एलिमेंटची (दांड्यांची) काढून अकरा एलिमेंटची लांब यागी चढवली पण तारा आणि अँकर जुनेच ठेवले. अँटेनाच्या डेटाशीटवर विंड लोड, म्हणजे वाऱ्याचा किती भार बसतो, ते छापलेलं असतं, समोरचा वकील तेच पान काढणार. तरी यात थोडीफार बाजू मांडता येईल, अगदीच हातचं गेलेलं नाही.

सगळं अडतंय ते पॉलिसीच्या अटींमधल्या एका कलमावर. भाषा थोडी इकडेतिकडे असेल पण मतलब असा असतो की ज्यातून पुढे दावा होऊ शकतो अशी कुठलीही घटना घडली की लगेच लेखी कळवा, आणि कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नका. यात शब्द "घटना" आहे, "दावा" नाही. तुम्ही दिवस मोजताय वकिलाची नोटीस आली तिथून, कंपनी मोजतेय मास्ट पडला तिथून, आणि कलम कंपनीच्या बाजूने आहे. दुसरा अर्धा भाग तुम्ही त्याच रात्रीच्या मेसेजने मोडलात. शेजाऱ्याची विचारपूस करायची, माणुसकी दाखवायची, पण पैशाचा शब्द द्यायचा नसतो हो! प्रत्येक क्यूएसओ (रेडिओवरचं बोलणं) मिनिटासकट यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लॉग करणारी माणसं तुम्ही, आणि आपला मास्ट दुसऱ्याच्या घरावर पडलाय हे दोन ओळींत कळवायला तुम्हाला पाच महिने लागतात, याचा मला खरंच राग येतो.

आता उशिराचं काय? काही ठिकाणचा कायदा म्हणतो की उशिरामुळे आपलं प्रत्यक्ष नुकसान झालं हे विमा कंपनीने दाखवायला हवं, काही ठिकाणी अट मोडली एवढंच पुरतं. पहिल्या प्रकारच्या कायद्यात असाल तर तुमचा जीव एका गोष्टीत आहे, तुटलेलं सामान अजून जपलंय का? कंपनीला वेळेत कळवायचं ते तिच्या सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याला, हेच बघता यावं म्हणून. गंजून बारीक होत गेलेली तार आणि एकदम ओढ बसून तुटलेली तार यांची टोकं वेगळी दिसतात. तारेचे क्लॅम्पही बघा, यू-बोल्ट मोकळ्या शेपटाच्या बाजूला आणि खोगिरासारखा भाग ताण घेणाऱ्या तारेवर असायला हवा, उलटा बसवला तर ताणाचीच तार चेपते आणि कमजोर होते. कसा बसवलाय ते तसंच राहू दे, सोडवू नका, पुसू नका, फोटो काढून पिशवीत सील करा, निकाल तुमच्या विरुद्ध जाणारा असला तरी. लॉगबुकातही काही खोडू नका, वादळात तुम्ही ऑन एअर होतात का ते त्यात आहे आणि खाडाखोड पकडली गेली तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आजच्या आज कंपनीला लेखी द्या, पडल्याची खरी तारीख, तो मेसेज, नोटीस, फोटो, उशिराचं खरं कारण, सगळं. फोनवर "उशीर झाला" म्हणाले ते मोजू नका, नकार कलमाच्या नंबरासह लेखी मागा, कारण बऱ्याच ठिकाणी विमा लोकपालाकडे किंवा कोर्टात जायची मुदत त्या पत्रापासून धरतात. नोटिशीला उत्तर मुदतीत जाऊ द्या, पण ते तुमच्या वकिलाकडून आणि कंपनीला कॉपी देऊन. शेजाऱ्याला आता स्वतःहून एक ओळही नको. कोर्ट बघून घेईल म्हणाल तर कोर्टाच्या तारखा पडत राहतील आणि तोवर खर्च तुमच्याच खिशातून जाईल.

रेडिएशनने डोकं दुखतं हा नोटिशीतला मुद्दा मला कच्चा वाटतो, पण हसण्यावारी नेऊ नका. माणसासाठीच्या रेडिएशनच्या मर्यादा साधारण ३० ते ३०० मेगाहर्ट्झमध्येच सगळ्यात कडक आहेत, तुमचा बँड त्यातच येतो. पॉवर, गेन (अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटते ते), अंतर घालून हिशोब करा, आयसीएनआयआरपी या रेडिएशनच्या मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या मर्यादेशी ताडून वकिलाकडे द्या.

आणि मेलच्या शेवटी सहज लिहिलेलं ते वाक्य, "मास्ट परत उभा केलाय, त्याच जागी". अहो, विजेची लाइन तिथून दहा पावलांवर आहे असं तुम्हीच म्हणताय! मास्ट आणि अँटेना मिळून जेवढी उंची, त्यात किमान ३ मीटर मिळवून तेवढं अंतर लाइनपासून हवं, तुमचं त्याच्या निम्मंही नाही. पहिल्यांदा पडला तेव्हा निष्काळजीपणा म्हणता आला, नोटीस हातात असताना दुसऱ्यांदा पडला तर माहीत असून धोका पत्करला असंच म्हणतील, आणि कोणाला इजा झाली तर मामला फौजदारी होऊ शकतो. मास्ट उतरवा, पण स्वतः नको, वीज कंपनीला सांगून लाइन बंद करून घ्या आणि मगच जाणत्या माणसाकडून खाली घ्या, लाइनवर प्लास्टिकचं आवरण दिसलं तरी त्याच्या भरवशावर कोणी हात लावायचा नाही.