तंबाखूनं जमीन खरंच "मरते" का? मुळांजवळच्या मातीत नक्की काय घडतं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळच्या काळ्या रानात पाच वर्षं सलग तंबाखू आहे. माती परीक्षणाच्या कार्डावर स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, पालाश (पोटॅशियम) मध्यम, तरी झाड दर साली बारीक होत चाललंय. खत वाढवावं का?

अजून नको. आधी दहा झाडं मुळासकट उपटा.

कार्डावरचा आकडा सगळ्या रानाची सरासरी सांगतो. झाड मात्र मुळाला लगटून असलेल्या काही मिलिमीटर मातीवर जगतं. नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर वाहत मुळाकडे येतं, पालाश हळूहळू सरकत येतो आणि स्फुरद तर जागचं फारसं हलतच नाही. मुळाच्या केसांना जेवढं शिवतं तेवढंच मिळतं. म्हणून दोन ओळींच्या मध्ये माती भरलेली आणि मुळाजवळ रिकामी, असं एकाच रानात असू शकतं. आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण आहे. पाऊस गेल्यावर पीक खालच्या ओलीवर उभं असतं आणि वरची वीतभर माती सुकून भेगाळते. खत तिथंच पडलेलं असतं, पण ओल नसेल तर पालाश सरकत नाही.

स्फुरद साठण्याचं कारण साध्या हिशेबात सापडतं. वाळलेल्या पानात पालाश ढोबळमानानं दोन-तीन टक्के, स्फुरद जेमतेम पाव टक्का. म्हणजे दहा क्विंटल पानाबरोबर, मूळ तत्त्वाच्या हिशेबात, 20 ते 30 किलो पालाश रानाबाहेर जातो आणि स्फुरद फक्त अडीच किलोच्या आसपास. डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताच्या 50 किलोच्या एका पोत्यात स्फुरद दहा किलो असतं. वर्षानुवर्षं डीएपी टाकत गेलं की काय होणार, सांगायला नको. स्फुरद जास्त झालं की मुळाशी राहणारी मायकोरायझा बुरशी मागे हटते आणि तिच्यामार्फत मिळणारं जस्तही घटतं.

आता सूक्ष्मजीवांकडे वळू. तरू (वाफ्यातलं रोप) लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे मूळ बेतानं असतं, तेव्हा मुळाजवळच्या आणि दूरच्या मातीत फार फरक नसतो. त्यानंतर झाड उसळी घेतं. मुळं साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं पाझरू लागतात आणि त्यावर जिवाणूंची गर्दी होते. दूरच्या मातीपेक्षा दहापट, कधी त्याहून जास्त. याच काळात नत्र आणि पालाश झपाट्यानं उचलले जातात. मुळं म्हातारी झाली की पाझर कमी होतो, मग मेलेल्या मुळांचं काष्ठ कुजवणाऱ्या बुरशा आणि ॲक्टिनोमायसिट्स (बुरशीसारखे धागे करणारे जिवाणू) वर येतात. म्हणून "माझ्या मातीत जिवाणू किती?" या प्रश्नाला पिकाचं वय सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

निकोटिन मुळांतच तयार होतं आणि तिथून पानात चढतं. शेंडा खुडला की ते बनण्याचा वेग वाढतो. ते मातीत साठून जमीन विषारी होते असं बरेच जण समजतात, पण आर्थ्रोबॅक्टर आणि स्यूडोमोनस गटातले काही जिवाणू ते चक्क खातात. सलग तंबाखूनं नुकसान होतं ते दुसऱ्याच पाहुण्यांमुळे.

त्यातला पहिला बंबाखू, तंबाखूच्या मुळावर जगणारं बांडगुळासारखं तण. तंबाखूचं मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं द्रव्य सोडतं. मायकोरायझाला ते बोलावणं असतं, आणि त्याच वासावर बंबाखूचं बी उगवतं. एक बंबाखू लाखाच्या घरात बी पाडतो आणि ते बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं. बंबाखू फुलायच्या आत उपटून रानाबाहेर नेऊन जाळा. बांधावर टाकला तर पुढच्या सालाची पेरणी केल्यासारखंच. मूग, तीळ, ज्वारी ही सापळा पिकं: त्यांच्या मुळांच्या वासानं बी उगवतं, पण बंबाखूला तिथं आधार मिळत नाही आणि तो मरतो.

दुसरा सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारा डोळ्याला न दिसणारा बारीक कृमी. इथं फेरपालटात गफलत होते. सोयाबीन नत्र देतं हे खरं, पण गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला सोयाबीनही चालतं. वांगी, टोमॅटो, मिरची तर तंबाखूचीच भावकी. त्यापेक्षा एक साल शाळू घ्या. मुळावरच्या गाठी ओळखायला सोप्या आहेत: सोयाबीनची नत्राची गाठ बोटानं निखळते आणि फोडली तर आत गुलाबी असते, सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, ते तोडल्याशिवाय सुटत नाही.

तपासणी अशी करा. लावणीपासून साठाव्या दिवसाच्या आसपास, शेंडा खुडण्याआधी, वाफसा असताना नागमोडी चालत दहा झाडं फावड्यानं वीतभर खोल काढा. सुटी माती झटका. मुळाला चिकटून राहिलेली ब्रशनं एका पिशवीत घ्या, ओळींच्या मधली त्याच खोलीवरची दुसऱ्या पिशवीत. रासायनिक परीक्षणाची माती सावलीत वाळवा. सूक्ष्मजीवांसाठीची वाळवू नका. बर्फाच्या डब्यात ठेवून एक-दोन दिवसांत पोचवा, नाहीतर आकडे वाहतुकीचे येतील, रानाचे नाही. दोन्ही पिशव्या वेगळ्या तपासायला सांगा, प्रयोगशाळेत आपणहून कुणी तसं करत नाही. धारवाड कृषी विद्यापीठाचं तंबाखूवरचं केंद्र निपाणीतच आहे, मुळं घेऊन तिथं दाखवता येतात. घरच्या घरी बघायचं तर मांजरपाटाचे दोन तुकडे ओलीत चार इंच खोल पुरा, एक ओळीत, एक मधे. सहा आठवड्यांनी ओळीतलाही जसाच्या तसा निघाला तर मुळाजवळ कुजवणारी वस्ती फारच थोडी आहे.

मुळं स्वच्छ निघाली तर डीएपी एक साल बंद ठेवा. पालाश द्यायचा तर सल्फेटच्या रूपात, म्युरेट (क्लोराइडच्या रूपातलं पोटॅश) नको. क्लोराइडनं पान नीट जळत नाही. एक किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशींना दाबणारी उपयोगी बुरशी) 100 किलो कुजलेल्या शेणखतात कालवून, ओलसर ठेवून, सावलीत दहा-पंधरा दिवस वाढवा आणि लावणीआधी एकरभर पसरा. कच्च्या शेणात ते तग धरत नाही. तरूच्या वाफ्यावर राब जाळता तेव्हा वरच्या थरातले रोगाचे आणि कामाचे जीव सारखेच जातात, म्हणून वाफ्यात थोडं शेणखत मिसळलेलं ट्रायकोडर्मा परत घाला.

गाठी सापडल्या तर यातलं काहीही पुरेसं नाही. काढणी झाल्या झाल्या धसकटं उपटा. उभी राहिली तर ती फुटतात आणि उन्हाळाभर सूत्रकृमींना पोसतात. मग एप्रिल-मेमध्ये खोल नांगरून रान तापू द्या.