स्विंडनहून प्रश्न: साडेसोळा हजार पौंडांची एमजीबी घेऊ का?

नमस्कार,

तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतात, पगार वर्षाला 58,000 पौंड, वहिनी एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) पार्ट टाइम, मुलगी पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीला जाणार, घराचं कर्ज 1,86,000 बाकी आणि त्याचा 1.6 टक्क्यांचा फिक्स केलेला व्याजदर काही महिन्यांत संपतोय. जवळच एका माणसाकडे 1972 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, टील ब्लू रंगाची, पूर्ण रिस्टोअर केलेली, आणि तो 16,500 मागतोय. ह्यांच्याकडे सेव्हिंग्जमध्ये 9,000 आणि आयसामध्ये (टॅक्स न लागणाऱ्या बचत खात्यात) 14,000 आहेत. विचार असा की सेव्हिंग्जमधले 6,500 द्यायचे आणि वर 10,000 चं पर्सनल लोन घ्यायचं, पाच वर्षं, 7.9 टक्के. वहिनींना सांगितलंय की ही इन्व्हेस्टमेंट आहे, क्लासिक गाडीची किंमत वाढतच जाते आणि विकताना टॅक्सही लागत नाही.

सरळ सांगतो, आत्ता आणि लोन काढून ही गाडी घेऊ नका.

टॅक्सचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, खाजगी गाडी विकून फायदा झाला तर इथे कॅपिटल गेन्स टॅक्स (विक्रीच्या नफ्यावरचा कर) लागत नाही, पण त्याची दुसरी बाजू अशी की तोटा झाला तर तोही कुठे वजा करता येत नाही. आणि टॅक्स फ्री वाढच हवी असेल तर तुमचा आयसा आहेच की. चाळीस वर्षांपेक्षा जुनी म्हणून रोड टॅक्स माफ, एमओटी ही वार्षिक तपासणी नाही केली तरी चालते, हेही खरं आहे. पण हे सगळं खर्च कमी होण्याबद्दल झालं, किंमत वाढण्याबद्दल नाही.

किंमत का वाढावी, ह्याचा विचार करा. एमजीबी 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यातल्या कितीतरी अमेरिकेला गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच पुन्हा इकडे आल्या. पार्ट तर सगळे मिळतात, 1988 पासून अख्खी नवीकोरी बॉडीशेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडासुद्धा विकत मिळतो. गाडी चालवणाऱ्यासाठी ही फार चांगली गोष्ट आहे, पण भाव दुर्मिळपणाला येतो आणि एमजीबी दुर्मिळ नाही. 1989-90 च्या सुमाराला इथे क्लासिक गाड्यांच्या किमती अशाच भडकल्या होत्या, लोकांनी घरं गहाण टाकून गाड्या घेतल्या आणि मग भाव धाडकन पडले.

आता तुमचाच हिशोब तुमच्याच आकड्यांनी करू. गॅरेज भाड्याने महिना 90, म्हणजे वर्षाला 1,080. इन्शुरन्सचं कोटेशन 220. सर्व्हिस, ऑइल, टायर, छोटेमोठे पार्ट ह्याला मी 600 धरतो, आणि जुन्या गाडीला हे जास्त नाहीत. झाले 1,900, पाच वर्षांचे 9,500. लोनवरचं व्याज साधारण 2,000. म्हणजे पाच वर्षांनी गाडी 28,000 ला विकली गेली तरच तुम्ही जिथे होतात तिथे परत येता! हे 28,000 कोण देणार, तुम्हीच सांगा.

आणि मला खरं वाईट ह्याचं वाटलं की तुमची कंपनी पेन्शनमध्ये 8 टक्क्यांपर्यंत मॅच करते, म्हणजे तुम्ही टाकाल तेवढेच तीही टाकते, आणि तुम्ही 5 च टाकता. उरलेले 3 टक्के म्हणजे वर्षाला 1,740, त्यावर तुमचा 40 टक्क्यांचा टॅक्स वाचतो म्हणून खिशातून जाणार हजारच्या आसपास, कंपनी तिचे 1,740 टाकणार, म्हणजे हजाराचे त्याच दिवशी 3,480. पेन्शनचे आहेत, लगेच हातात येणार नाहीत, बाजारात खालीवर होतील, सगळं मान्य, पण लोनचा हप्ता महिना 200 आहे आणि ह्याला महिना 85 च्या आसपास लागतात. हा फॉर्म ह्या आठवड्यात भरा, गाडी घ्या नाहीतर घेऊ नका.

फिक्स संपल्यावर नवा दर साडेचार टक्के धरला आणि पंचवीस वर्षं बाकी असतील तर हप्ता महिना 280 ने वाढतो. त्यात लोनचे 200 आणि गॅरेजचे 90 मिळवा. आणि त्याच वेळी सेव्हिंग्जमध्ये राहणार 2,500, जो तुमचा एका महिन्याचा खर्चही नाही. तुमच्या आई सांगलीला एकट्या असतात. माझ्या वडिलांना मिरजेला ॲडमिट केलं तेव्हा रात्री अकराला फोन आला आणि सकाळच्या विमानाचं तिकीट काढलं, दुप्पट पैसे गेले, पण पैसे होते म्हणून निघता तरी आलं. ते 9,000 त्यासाठी आहेत, त्यांना हात लावू नका.

आता तुमच्या मेलमधल्या शेवटच्या चार ओळी, ज्या तुम्ही "ता. क." म्हणून लिहिल्यात. वडिलांच्या गॅरेजात भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर उघड्या टपाची एमजी, वर्ष संपलं तरी त्यांनी ते पान काढलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले. अहो, हे तुमचं खरं कारण आहे आणि ते चांगलं कारण आहे. वहिनींना हे सांगा. इन्व्हेस्टमेंट म्हणून सांगितलंत तर दरवर्षी किंमत काय झाली हे त्या विचारणार आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागणार. हौस म्हणून सांगितलंत तर दोघं मिळून ठरवाल की ह्या हौसेला आपल्याकडे किती पैसे आहेत, आणि तो प्रश्न सुटणारा आहे.

म्हणून मी असं करेन. आधी पेन्शन, मग रीमॉर्टगेज (घराचं कर्ज नव्या दराने ठरवणं) होऊन नवा हप्ता अंगवळणी पडू दे. मग वेगळं खातं काढून त्यात महिना जमेल ते टाका, बोनस आला तर तोही. दीड-दोन वर्षांत 8-9 हजार जमले तर त्यात एमजीबी जीटी बघा, तीच गाडी, तेच 1798 सीसीचं इंजिन, फक्त वर पक्कं छप्पर, आणि रोडस्टरपेक्षा सहसा स्वस्त. उघडीच हवी असेल तर अजून वर्षभर थांबा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या, पावसात उघडी गाडी घ्यायला गर्दी नसते.

रिस्टोअर केलेली घ्यायची हे मात्र तुमचं अगदी बरोबर आहे. कामावर घातलेला पैसा विकणाऱ्याला जवळजवळ कधीच पूर्ण परत मिळत नाही, तो फायदा घेणाऱ्याला होतो, पण काम खरं झालेलं असेल तरच. दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटबरोबर अशीच एक बघायला गेलो होतो, रंग असा की तोंड दिसावं. बरोबरच्या मेकॅनिकने रुमालात गुंडाळलेलं चुंबक दाराखालच्या पत्र्यावर, म्हणजे सिलवर, टेकवलं, ते दोन ठिकाणी धरलं आणि तिसऱ्या ठिकाणी घसरून खाली पडलं, आत पत्रा नव्हताच, पुट्टी होती. मग त्याने जॅक लावून एक बाजू उचलली तर दाराची मागची फट हळूहळू मिटत गेली आणि दार उघडेना. एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळी ताकद त्या सिलमध्ये असते, आणि जुन्या सिलवर नुसता नवा पत्रा चढवून रंग मारला की फोटोत काही कळत नाही. त्या गाडीचे 14,000 मागत होते.

तुमच्या विकणाऱ्याला तरी आत्ता फोन करून तीन गोष्टी विचारा, अनुभव म्हणून. सिल कापून आतले पत्रे बदलतानाचे फोटो आहेत का, बिलं आहेत का, आणि गेडन गावातल्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून मिळतं ते हेरिटेज सर्टिफिकेट आहे का, त्यावर गाडी मुळात कुठल्या रंगाची होती आणि कुठल्या देशासाठी बनली ते कळतं. लॉगबुकवर (गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर) फक्त रजिस्टर्ड कीपरचं, म्हणजे गाडी ज्याच्याकडे असते त्याचं, नाव असतं, मालकीचा तो पुरावा नाही, त्यामुळे आधीच्या खरेदीची पावतीही मागा. फोटो आले तर मलाही पाठवा, आमच्या त्या मेकॅनिकला दाखवतो.