कुत्र्याचा खर्च: आपण घरी नसतो त्या दिवसांचाही हिशोब मांडा

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलं १२ आणि ९ वर्षांची. दोघांनी लॅब्रॅडॉरचा हट्ट धरलाय. पिल्लू १२०० पौंडांना मिळतंय. ह्यांचं म्हणणं, एकदा पैसे भरले की झालं, खाण्याला असे कितीसे लागणार? आम्ही दोघंही आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जातो आणि दर वर्षी पाच आठवडे पुण्याला. मला हा हिशोब पटत नाही. नेमका किती खर्च धरावा?

ताई, तुमची शंका रास्त आहे. पिल्लाची किंमत हा या हिशोबातला एक लहानसा आकडा. मोठे आकडे पुढे वर्षानुवर्षं येत राहतात, म्हणून आधी वर्षं मोजू. ब्रिटनमधल्या साडेपाच लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून डॉग्ज ट्रस्ट या तिथल्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये जातवार आयुर्मान काढलं. लॅब्रॅडॉरचं मध्यम आयुर्मान १३.१ वर्षं निघालं, फ्रेंच बुलडॉगचं ९.८. आपण १३ वर्षं धरू. पुढचे दर म्हणजे महागाई न धरता केलेला माझा ढोबळ अंदाज. तुमच्या भागातले दर फोन करून विचारा आणि त्या जागी भरा.

सुरुवातीचा खर्च सरळ आहे. पिल्लू १२०० पौंड. पिंजरा, अंथरूण, पट्टा, पहिल्या लशी, नसबंदी आणि शिकवणीचा एखादा वर्ग मिळून आणखी ८००. मायक्रोचिपचा खर्च तुमच्यावर यायला नको, कारण पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत चिप बसवणं कायद्याने पैदासकाराचंच काम आहे. पिल्लू त्याच्या आईजवळ, ती जिथे व्यायली त्याच घरी जाऊन बघा. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालची पिल्लं विकायला मध्यस्थांना बंदी आहे. कोणी गाडीतळावर भेटून पिल्लू देतो म्हणाला तर तिथेच थांबा.

आता खाणं. आपल्याकडे वाडीत, गावात कुत्रा घरच्या भाकरीवर वाढलेला आपण पाहिलेला असतो, त्यामुळे उरलंसुरलं घालून भागेल असं मनात येतं. मराठी स्वयंपाकघरात हे धोक्याचं आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, आणि आपल्या आमटी-भाजीत ते नसतात असा दिवस विरळा. बेदाणे-मनुका तर त्याहून वाईट. थोड्याशा मनुकांनीही काही कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, बेदाणे लावलेले लाडू कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावे लागतील, आणि हे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागेल. तेव्हा विकतचं संपूर्ण खाद्यच धरा: वर्षाला ५००. पिसू-गोचीड, जंत आणि वार्षिक लस यांचे २२०, किरकोळ १००. लॅब्रॅडॉरला केस कापून घ्यावे लागत नाहीत. कॉकापू किंवा कॅव्हापू (पूडलच्या संकरातले कुत्रे) घेतलात तर दर सहा-आठ आठवड्यांनी केस कापायला ग्रूमरकडे न्यावं लागतं आणि वर्षाला तीन-चारशे पौंड वाढतात.

इन्शुरन्सवर जरा थांबूया. एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेमुळे आपल्याला दवाखान्याचं बिल हातात घ्यायची सवय राहिलेली नसते. व्हेटचं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचं, बिल मात्र पूर्ण आपलं, वर २० टक्के व्हॅट हा कर. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, जे लॅब्रॅडॉरमध्ये नेहमी दिसतं, तर शस्त्रक्रियेचे चार-पाच हजार पौंड सहज होतात. पॉलिसी घेताना नावाकडे नीट बघा. वर्षभरानंतर त्याच आजाराचे पैसे बंद करणारी पॉलिसी स्वस्त असते, पण कुत्र्याला सांधेदुखी किंवा त्वचेची ॲलर्जी जडली की ती जन्माची असते. लाइफटाइम प्रकारची पॉलिसी घ्या, पिल्लू घरी येईल त्याच आठवड्यात घ्या आणि खंड पडू देऊ नका, कारण आधीपासून असलेला आजार सहसा कोणीच धरत नाही. हप्ता वयाबरोबर चढतो आणि उतारवयात बऱ्याच पॉलिसींमध्ये बिलाचा काही टक्के भाग आपल्याला भरावा लागतो. म्हणून १३ वर्षांची सरासरी ६०० धरली आहे, आणि त्याशिवाय आपल्या वाट्याची बिलं व शेवटचं आजारपण यांसाठी २००० वेगळे. नेहमीची औषधं लागू झाली तर व्हेटकडून लेखी प्रिस्क्रिप्शन मागून घ्या. ऑनलाइन फार्मसीत तेच औषध पुष्कळदा बरंच स्वस्त मिळतं.

इथवरची बेरीज २२,४६० पौंड. बहुतेक घरं इथेच थांबतात आणि तिथेच फसतात.

तुमचा खरा खर्च आहे तो तुम्ही घरी नसण्याचा. कुत्र्याला सलग चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये, असं इथल्या प्राणिसंस्था सांगतात. पिल्लाला तर तेवढंही झेपत नाही. तुम्ही दोघं तीन दिवस ऑफिसला, म्हणजे दुपारी फिरवून आणायला माणूस लागणार. एका फेरीचे १५ पौंड, वर्षातले ४५ आठवडे: २०२५ पौंड. पुण्याच्या पाच आठवड्यांसाठी केनेल, म्हणजे पैसे घेऊन कुत्रे ठेवून घेणारी जागा, रात्रीला ३० पौंडांनी १०५०. इथल्या आठवडाभराच्या सुट्टीचे आणखी २१०. तेरा वर्षांत हे सगळं होतं ४२,७०५. एकूण ६५,१६५ पौंडांतला जवळजवळ दोन तृतीयांश खर्च कुत्र्याच्या पोटाचा नाही, आपल्या गैरहजेरीचा आहे.

भारतात बरोबर नेऊ, हा विचार मनातून काढा. परत येताना ब्रिटन भारताला रेबीजच्या दृष्टीने जोखमीच्या देशांत धरतं. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा आणि विमानात कार्गोने प्रवास, असा तो नियम आहे. कायमचं परतायचं ठरलं तर गोष्ट वेगळी; तेव्हा भारताच्या पशु-संगरोध (क्वारंटाइन) विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र काढून नेता येतं, पण एजंट आणि कार्गो धरून काही हजार पौंड बाजूला ठेवा.

आई-बाबा सहा महिने येतात तेव्हा ते सांभाळतील, असंही धरू नका. जानेवारीत फुटपाथवर बर्फ असताना ३० किलोचा लॅब्रॅडॉर खारीमागे ओढतो आणि पट्टा सत्तरीतल्या माणसाच्या हातात असतो. त्यांचा सहवास कुत्र्याला जरूर मिळू दे, फेरीची जबाबदारी नको.

आणखी एक गोष्ट लिहिताना जड जातं, पण ती आपल्या प्रत्येक घरात येते. तिकडून रात्री फोन येतो आणि सकाळचं विमान पकडावं लागतं. नाताळात किंवा ऑगस्टमध्ये केनेल महिनोन्महिने आधी भरलेली असतात. तेव्हा तुमच्या कुत्र्याला ओळखणारं एक घर आधीपासून हवं. तुमच्या मराठी मंडळातली कुत्रा असलेली दोन-तीन कुटुंबं शोधा आणि एकमेकांचे कुत्रे आळीपाळीने सांभाळायला लागा, म्हणजे केनेलचा मोठा खर्चही वाचेल. पैसे घेऊन घरी कुत्रे ठेवणाऱ्याला मात्र काउन्सिलचा (स्थानिक प्रशासनाचा) परवाना लागतो. तो मागून बघा, त्यावर एक ते पाच तारे असतात.

तुम्ही दोघांनी ऑफिसचे दिवस वाटून घेतलेत, एकाने सोमवार ते बुधवार आणि दुसऱ्याने बुधवार ते शुक्रवार, तर फिरवणारा फक्त बुधवारी लागेल. तेरा वर्षांत १७,५५० पौंड कमी होतील. पिल्लू आणण्याआधी कंपनीकडून हे लेखी घ्या, कारण सगळ्या हिशोबात एवढी मोठी बचत दुसरी नाही.

मुलांच्या वयाचंही बघा. थोरला युनिव्हर्सिटीला जाईल तेव्हा कुत्रा सहा वर्षांचा असेल, धाकटा जाईल तेव्हा नऊ. पुढची म्हातारपणाची, औषधांची वर्षं तुमच्या दोघांच्या वाट्याची, नेमकी तेव्हा, जेव्हा तिकडच्या आई-बाबांकडे जास्त फेऱ्या होतील. म्हणून माझं मत विचाराल तर पिल्लाऐवजी एखाद्या आश्रयगृहातला चार-पाच वर्षांचा कुत्रा घ्या. तिथे बहुधा लशी, चिप आणि नसबंदी झालेली असते, दत्तक शुल्क पिल्लाच्या किमतीच्या मानाने थोडं असतं, आणि त्याला एकटं राहायची कितपत सवय आहे हे तिथली माणसं सांगू शकतात. त्याचे जुने आजार मात्र विचारून घ्या, कारण ते इन्शुरन्समध्ये धरले जाणार नाहीत. अर्जात तुमचे ऑफिसचे दिवस आणि पुण्याचे पाच आठवडे खरेखुरे लिहा. या कुत्र्याला जमणार नाही असं त्यांनी सांगितलं तर पुढच्या कुत्र्यासाठी थांबा. मुलं नाराज होतील, पण थांबतील.