एकाच केबलमधून अँटेना आणि डिश दोन्ही चालवता येतात का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये घेतलेल्या जुन्या घराच्या पोटमाळ्यावर फ्रीव्ह्यूचा (अँटेनावरून मोफत वाहिन्या देणाऱ्या ब्रिटिश सेवेचा) अँटेना आहे, मागच्या भिंतीवर आधीच्या मालकाची डिश आहे आणि तिच्यावर फ्रीसॅटची (डिशवरून मोफत वाहिन्या देणाऱ्या सेवेची) पेटी चालवण्याचा आपला विचार आहे. परंतु माळ्यावरून दिवाणखान्यात एकच केबल उतरते. भिंत न फोडता त्या केबलवर दोन्ही चालतील का, असे आपण विचारले आहे. बहुतेक घरांत चालतात. मात्र काहीही विकत घेण्यापूर्वी डिशच्या टोकावर कोणत्या प्रकारचा एलएनबी (उपग्रहाचा सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा भाग) बसवलेला आहे हे पाहावे लागते, कारण ही सारी जोडणी त्यावरच अवलंबून आहे. रेडिंगजवळच्या माझ्या घरी हीच अडचण होती आणि ती मी स्वतः सोडवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका तारेतून दोन सिग्नल जाऊ शकतात, कारण त्यांची फ्रिक्वेन्सी वेगवेगळी असते. ब्रिटनमध्ये 2020 साली 700 मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोबाइल सेवांसाठी मोकळा करण्याचे काम पूर्ण झाले आणि तेव्हापासून फ्रीव्ह्यूचे प्रसारण 470 ते 694 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात होते. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्‌झच्या असतात. घरातल्या केबलला त्या वाहून नेणे जमत नाही, म्हणून एलएनबी त्यांना डिशपाशीच 950 ते 2150 मेगाहर्ट्‌झपर्यंत खाली आणतो. या दोन पट्ट्यांमध्ये अडीचशे मेगाहर्ट्‌झची मोकळी जागा उरते. तिचा उपयोग करून दोन्ही सिग्नल एकत्र करणारी आणि पुन्हा वेगळे करणारी लहानशी डबी म्हणजे डिप्लेक्सर. एक डिप्लेक्सर माळ्यावर लागतो आणि दुसरा खाली टीव्हीपाशी. खालच्या डबीऐवजी टीव्ही आणि सॅटेलाइट अशी दोन तोंडे असलेली भिंतीवरची पाटीही मिळते. तिच्या आत तेच काम होते आणि ती दिसायलाही नीटनेटकी असते. ज्यावर 5 ते 1000 मेगाहर्ट्‌झ असे छापलेले असते तो साधा स्प्लिटर मात्र येथे चालत नाही, कारण तो उपग्रहाचा जवळजवळ सगळाच पट्टा अडवतो.

आता एलएनबीविषयी. आधीच्या मालकाकडे स्काय क्यू ही स्काय कंपनीची सशुल्क सेवा असेल, तर डिशवर बहुधा वाइडबँड एलएनबी असेल. तो 290 ते 2340 मेगाहर्ट्‌झ एवढा रुंद पट्टा व्यापतो, म्हणजे फ्रीव्ह्यूची जागाही त्यातच येते. एकमेकांवर चढलेले हे सिग्नल कितीही महागडा डिप्लेक्सर आणला तरी वेगळे होत नाहीत. शिवाय अशा एलएनबीला दोन केबली लागतात, एक उभ्या ध्रुवणासाठी (ध्रुवण म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा) आणि एक आडव्या, आणि फ्रीसॅटच्या साध्या पेटीला त्याचा सिग्नल समजतही नाही. असे असेल तर डिश तशीच ठेवून त्या जागी साधा युनिव्हर्सल एलएनबी बसवून घ्यावा. काही एलएनबी मिश्र प्रकारचे असतात. त्यांच्यावर दोन तोंडे वाइडबँडची आणि चार साधी असतात. आपल्याकडे तसा असेल तर फक्त केबल साध्या तोंडावर हलवली की पुरते. हे काम शिडीवरचे आहे, तेव्हा उंची जास्त असल्यास ते माहीतगार माणसाकडूनच करून घ्या, असा माझा आग्रह आहे.

यानंतर सर्वांत जास्त घोटाळा होतो तो विजेचा. फ्रीसॅटची पेटी त्याच केबलमधून एलएनबीला वीज पुरवते. तेरा व्होल्ट दिले की एलएनबी उभे ध्रुवण निवडतो, अठरा दिले की आडवे, आणि त्यावर 22 किलोहर्ट्‌झचा सूर चढवला की पट्ट्याचा वरचा अर्धा भाग निवडतो. म्हणून डिप्लेक्सरने ही वीज फक्त सॅटेलाइटच्या तोंडाकडे जाऊ द्यावी आणि अँटेनाच्या तोंडाकडे अडवावी. माझ्या घरी मी दुकानातून पहिली आणलेली डबी दोन्हीकडे वीज सोडणारी निघाली. अनेक अँटेनांची रचना अशी असते की एकदिश विजेच्या दृष्टीने त्यांची दोन्ही टोके जोडलेलीच असतात, त्यामुळे माझ्या पेटीला थेट शॉर्ट सर्किट दिसू लागले, तिने वीज तोडली आणि डिशची एकही वाहिनी लागेना. मी दोन शनिवार-रविवार एलएनबीलाच दोष देत बसलो होतो. अखेर माळ्यावर जाऊन अँटेनाची केबल सुटी केली, त्याच क्षणी डिश सुरू झाली आणि कारण उमगले. तेव्हा डबीवर वीज जाण्याची खूण केवळ सॅटेलाइटच्या तोंडापाशी आहे ना, हे खरेदी करतानाच पाहा.

याच कारणाने अँटेनाला ॲम्प्लिफायर असेल तर आणखी एक बदल करावा लागतो. बऱ्याच घरांत त्या ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठा टीव्हीमागे ठेवलेला असतो आणि वीज केबलमधूनच वर जाते. आता त्या केबलमध्ये डिशची वीज आहे, म्हणून तो पुरवठा माळ्यावर, ॲम्प्लिफायर आणि डिप्लेक्सर यांच्यामध्ये नेऊन बसवावा लागतो. तेथे प्लगची सोय नसेल तर ती आधी करून घ्यावी लागते. प्रसारण मनोरा जवळ असेल तर ॲम्प्लिफायर काढून पाहायलाही हरकत नाही. माझा अँटेना हॅनिंग्टनच्या मनोऱ्याकडे रोखलेला आहे आणि ॲम्प्लिफायर काढल्यावर चित्रात काहीही फरक पडला नाही.

केबलच्या दर्जाविषयी मात्र तडजोड करू नका. आपल्यापैकी ज्यांचे लहानपण महाराष्ट्रात गेले, त्यांना गच्चीवरच्या अँटेनापासून खिडकीतून आत येणारी चपटी पट्टीसारखी तार आठवत असेल. ती 300 ओहमची होती आणि त्या काळातल्या फ्रिक्वेन्सींना पुरेशी होती. येथे 75 ओहमची कोॲक्सियल केबल लागते, आणि तीही तांब्याची जाळी व तांब्याचा पत्रा असलेली. ब्रिटनमधले कारागीर तिला डब्ल्यूएफ 100 या नावाने ओळखतात. 2150 मेगाहर्ट्‌झवर तिच्या 100 मीटर लांबीत सिग्नलमध्ये सुमारे 30 डेसिबलची घट होते, म्हणजे पंधरा मीटरच्या उतारात चार-पाच डेसिबल, आणि प्रत्येक डिप्लेक्सर त्यात साधारण एक-दोन डेसिबलची भर घालतो. एवढी घट सहज सोसते. जुन्या घरांतली विरळ जाळीची तपकिरी केबल अँटेनाचा सिग्नल कसाबसा नेते, पण डिशच्या वरच्या फ्रिक्वेन्सींना कमी पडते आणि बाहेरचा गोंगाटही आत घेते. तशी केबल निघाली आणि ती नळीतून गेलेली असेल, तर तिलाच नवी केबल बांधून ओढून घेता येते.

एक मर्यादा मात्र डिप्लेक्सरने सुटत नाही. एलएनबीला एका वेळी एकच व्होल्टेज आणि एकच सूर समजतो, त्यामुळे साध्या पद्धतीत एका केबलवर एकच सॅटेलाइट ट्यूनर (पेटीतला वाहिनी निवडणारा भाग) चालतो. एक वाहिनी पाहताना दुसरी कोणतीही रेकॉर्ड करणारी पेटी घ्यायची असेल, तर डीएससीआर किंवा युनिकेबल प्रकारचा एलएनबी लागतो. तो प्रत्येक ट्यूनरला 950 ते 2150 याच पट्ट्यातला स्वतंत्र तुकडा देतो. जुन्या मानकात असे आठ तुकडे होतात, नव्या मानकात बत्तीसपर्यंत. फ्रीव्ह्यूची जागा तशीच मोकळी राहते, त्यामुळे अँटेना डिप्लेक्सरमधून पूर्वीप्रमाणेच जोडता येतो. पेटीला ही पद्धत समजते की नाही, हे तिच्या माहितीपुस्तिकेत पाहून मगच एलएनबी बदला.

जोडणी करताना पेटीची वीज प्लगपासूनच बंद ठेवा. प्रथम डिप्लेक्सर न लावता त्या केबलला एकटी डिश जोडून पाहा, मग एकटा अँटेना, आणि दोन्ही वेळा पडद्यावरचे सिग्नलचे आकडे लिहून ठेवा. केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर बसवताना जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला तरी पुन्हा शॉर्ट सर्किट होते, म्हणून प्रत्येक टोक उजेडात धरून तपासा. त्यानंतरच दोन्ही डिप्लेक्सर बसवा आणि आकडे पुन्हा वाचा. ते किंचित उतरतील. एखादा आकडा अर्ध्यावर आला तर केबलला हात लावण्याआधी एकेक डबी बदलून पाहा. दोष डबीत असेल तर ती बदलताच आकडा सुधारेल.