खाजनाचा प्रश्न घेऊन परदेशी निघताना

तुझा मेसेज सविस्तर होता, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तू बोरीची, गोवा विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि गावच्या खाजनावरच, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खारट शेतजमिनीवर, पीएच.डी. करायची आहे, ती परदेशात. सर म्हणतात, पर्यावरणातच राहा. बांधकाम खात्यातले काका म्हणतात, बांध म्हणजे सिव्हिलचं काम. बांबोळीला एमबीबीएस करणारा भाऊ म्हणतो, डासांवर कर. मैत्रीण म्हणते, कोमुनिदादचे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे, जुने कागद पडून आहेत, इतिहास घे. शिवाय घरात चर्चा चालली आहे की आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज अमदानीतला, तर पोर्तुगीज पासपोर्ट काढूनच निघावं.

चौघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. पण विषय ठरवण्याआधी एक गोष्ट कागदावर मांड: तुझ्या प्रश्नातला कुठला भाग गोव्यात बसून सुटतो आणि कुठला सुटत नाही? जे घरी मिळतं त्यासाठी घर सोडू नये, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं प्रामाणिक मत आहे. बोरीचं खाजन बोरीतच राहणार. लिस्बनला किंवा डेल्फ्टला तू जाणार ती एखादी पद्धत शिकायला, जी आज आपल्याकडे शिकवणारं कोणी जवळ नाही.

मानशीचंच, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचंच घे. लाकडी दारं, भरतीचं पाणी चढलं की बाहेरच्या दाबाने मिटतात. सुकती लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. ना मोटर, ना माणूस. पण दार किती उंचीचं, उंबरा किती खोल, पोय, म्हणजे दाराआतली पाण्याची वाट, किती रुंद, यावर ठरतं की उधाणाच्या भरतीला खारं पाणी भातात शिरेल की नाही. समुद्राची पातळी थोडी वाढली तर ओहोटीला दार उघडं राहण्याचा वेळ कमी होणार, आणि पावसाळ्यात शेतातलं पाणी बाहेर जायला तेवढाच कमी वेळ मिळणार. हा हिशेब मांडायला भरती-ओहोटीच्या प्रवाहाचं गणिती मॉडेल लागतं. हे शिकायला नेदरलँड्ससारखी जागा नाही. समुद्रसपाटीखालची जमीन बांध घालून राखणं हा त्यांचा शतकांचा उद्योग आहे. डेल्फ्टचं तंत्रविद्यापीठ, तिथलीच आयएचई ही पाण्याच्या शिक्षणाची संस्था, आणि वाखेनिंगनचं विद्यापीठ, या तिन्ही ठिकाणचे गट नीट बघ. मात्र सिव्हिलच्या विभागात थेट अर्ज केलास तर गणित विचारणार. पर्यावरणाच्या विभागातला पाण्यावर काम करणारा गट तुला जास्त जवळचा. तिथून शिरलीस तर काकांचंही समाधान होईल आणि सरांचंही.

दोनापावलाच्या एनआयओत, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, मांडवी-जुवारीच्या खाड्यांवर कितीतरी वर्षांचं काम झालं आहे. ते वाचल्याशिवाय बाहेरच्या एकाही प्राध्यापकाला लिहू नकोस. मी स्वतः गाळावर काम करते, आणि माझ्या प्रबंधातली निम्मी पार्श्वभूमी तिथल्याच शोधनिबंधांनी भरली आहे.

आता इतिहास. तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं मला मनापासून पटतं, पण एक फरक तिच्या लक्षात आलेला दिसत नाही. गावकारीच्या, म्हणजे कोमुनिदादच्या जुन्या रूपाच्या, रूढी पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, लिहून काढल्या, आणि खाजनांवर लिहिणारे बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात. बोरी फोंड्यात. फोंडा नव्या काबिजादींतला, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातला. तो पोर्तुगीजांच्या हाती आला १७६३ नंतर. त्याआधी तिथे आदिलशाही, मराठे, सोंदेकर. म्हणजे बोरीच्या बांधांचा जुना माग हवा असेल तर नुसतं पोर्तुगीज शिकून भागणार नाही, मोडीही वाचता आली पाहिजे. पणजीच्या पुराभिलेखागारात मोडी कागद आहेत. ही संस्था साधी नाही. १५९५ साली दियोगु दु कोतुची तिथे पहिला दफ्तरदार म्हणून नेमणूक झाली होती, आणि विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथल्याच कागदांवरून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. मराठी घरातल्या मुलीला मोडी काही महिन्यांत येते. युरोपातल्या संशोधकाला ती शिकायची तर आधी मराठी शिकावी लागते. हे तुझं बळ आहे, ते अर्जात पहिल्या परिच्छेदात येऊ दे.

लिस्बनचे तोरे दो तोंबो आणि आर्किव्हो इश्तोरिको उल्त्रामारिनो हे दोन्ही संग्रह नंतर लागतील. अठराव्या शतकात गोव्यातून हलवलेले मोंसांव दफ्तराचे, म्हणजे लिस्बन-गोवा सरकारी पत्रव्यवहाराचे खंड तोरे दो तोंबोत आहेत, आणि त्या संग्रहातले पुष्कळ कागद आता घरबसल्या संगणकावर वाचता येतात. म्हणून केवळ कागदांसाठी पोर्तुगालला पीएच.डी. घ्यायची गरज नाही. एखाद्या उन्हाळ्यात येऊन जा, माझ्याकडे राहा. पोर्तुगीज भाषेचं मात्र आत्ताच धर. विद्यापीठात विभाग आहे, पणजीत वर्ग चालतात, आणि गोव्याइतकी स्वस्तात ती तुला दुसरीकडे कुठे शिकायला मिळणार नाही.

एक काळ डोळ्यांसमोर ठेव: १९६४ चा कूळ कायदा, मग १९७६ ची पाचवी दुरुस्ती. जमीन कुळांची झाली, बांध राखण्याची जबाबदारी कूळ संघांकडे गेली, आणि गावकारीची जुनी घडी विस्कटली. त्यानंतर मानशी कोणी दुरुस्त केल्या, मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, कोणी केली, पैसे कुठे गेले, हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या मुलाखती तू पीएच.डी. लागेपर्यंत थांबवू नकोस. कागद टिकतील, ही माणसं थांबणार नाहीत. मला या सगळ्यात सर्वांत तळमळ कशाची असेल तर याची.

भावाच्या मुद्द्याबद्दल थोडक्यात. गोव्यात मलेरिया पसरवणारा मुख्य डास ॲनोफिलिस स्टीफेन्सी. तो बांधकामाच्या जागी, टाक्यांत, साठवलेल्या पाण्यात वाढतो. खाजन फुटलं म्हणजे मलेरिया वाढला, असं गृहीत धरून प्रस्ताव लिहिलास तर पहिलाच परीक्षक तो बाजूला ठेवील. भावाला स्वतःला संशोधनाची आवड असेल तर लिस्बनची उष्णकटिबंधीय वैद्यक संस्था आहे, १९०२ पासूनची. लंडन आणि लिव्हरपूलच्या संस्था तिच्याहून थोड्या जुन्या. सत्तरी तालुक्यातल्या माकडतापावर त्याने काम करावं असं मला फार वाटतं. फक्त त्याला हे सांग की संशोधन करायला परवाना लागत नाही, रुग्णाला हात लावायला लागतो, आणि तो प्रत्येक देशात वेगळा: ब्रिटनला प्लॅब परीक्षा, जर्मनीत भाषेसकट सगळी प्रक्रिया. दोन्ही एकदम होईल, या भरवशावर निघू नये.

पैशांचं. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही साधारण चार वर्षांची पगारी नोकरी असते. स्वीडन-नॉर्वेतही तसंच, जर्मनीतही बहुधा करारावर पगार मिळतो. जागेची जाहिरात निघते, आपण अर्ज करायचा. म्हणून जो एजंट तुला ‘आधी ब्रिटनला एक वर्षाची मास्टर्स करा, मग बघू’ सांगतोय, त्याला नम्रपणे नाही म्हण. तुझी एम.एस्सी. होतेच आहे, दुसरी कर्जावर कशाला? युरोपियन युनियनच्या मारी क्युरी योजनेतल्या डॉक्टरल जागांना कुठल्याही देशाचा अर्जदार चालतो, पण एक अट आहे: ज्या देशात जागा, तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. मास्टर्ससाठी जिथे गेलीस, तिथलंच दार बंद होऊ शकतं. दुसरी मास्टर्स करायचीच झाली तर इरास्मुस मुंडुसची शिष्यवृत्ती बघ, महिना १४०० युरो, आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी कर.

पासपोर्ट. आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा असला तर वाट आहे, हे खरं. युरोपियन झालीस तर व्हिसा नको, काही ठिकाणी फी कमी, हेही खरं. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज झालीस की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय म्हणून मिळणारं कार्ड घ्यायचं. ओसीआयवाल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार त्याला भारतात संशोधन करायचं असेल तर खास परवानगी काढावी लागते. ज्या मुलीचं सगळं काम बोरीच्या बांधावर आणि पणजीच्या दफ्तरात आहे, तिने आपल्याच गावात परवानगी मागून उभं राहायचं? पगारी जागा तुला भारतीय पासपोर्टवरही मिळते. पीएच.डी. पुरी होऊ दे, मग घरच्यांसोबत बसून ठरव. युरोपात आलेल्या आपल्या कितीतरी मुलांनी पासपोर्ट आधी काढला, तो नोकरीसाठी. त्यांचं गणित वेगळं, ते चूक नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. जैवविविधता कायदा, २००२. कोरगुटाचं, म्हणजे खाजनातल्या भाताचं बी, खाजनातल्या मातीतले जीवाणू, असं काही संशोधनासाठी परदेशी संस्थेला द्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. भारतीय नागरिक असूनही अनिवासी झालीस तर हा नियम तुलाही लागू. बॅगेत पिशवी टाकून नेता येईल, पण त्यावर लिहिलेला निबंध छापताना अडकशील. सोपा मार्ग असा की गोव्यातली एखादी संस्था पहिल्यापासून सहभागी ठेव, नमुने गोव्यातच तपास, आकडे घेऊन जा.

आईला वाटतं, तू परत येणार नाहीस. तिला सांग की हे काम दरवर्षी तुला पावसाळ्यात बोरीला आणणारच आहे. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, मात्र बहुधा चुकेल. सप्टेंबरात तिकडे वर्ग सुरू होतात.

आता लगेच करण्यासारखं: येत्या अमावास्येच्या उधाणाला मानशीवर जाऊन उभी राहा, दार कधी मिटतं, कधी उघडतं, पाणी कुठून झिरपतं ते वेळेसकट टिपून घे. मग प्राध्यापकाला लिहायच्या पत्राचा पानभर मसुदा कर. त्यात ‘मला आपल्या मार्गदर्शनाची संधी मिळावी’ वगैरे नको. पहिल्या ओळीत मानस, दुसरीत तुझा प्रश्न, तिसरीत त्यांचा कुठला निबंध वाचून तो सुचला. आधी मराठीतच लिहून मला पाठव. इंग्रजी आपण मग फोनवर बसून करू.