निबंध पाठ करू नका, तोच पुन्हा लिहा

वाचकांचे प्रश्न : परदेशी शिक्षण व नोकरीसाठीची इंग्रजी परीक्षा, आयईएलटीएस. उत्तरं देत आहेत सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या निवृत्त इंग्रजी शिक्षिका.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंग केलंय आणि चार वर्षं पुण्यातल्या एका रुग्णालयात आयसीयूत काम करते. गाव लातूर जिल्ह्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्लंडला जायचं म्हणून आयईएलटीएस ॲकॅडेमिक दोनदा दिली. दुसऱ्या वेळी ऐकणं ७.५, वाचन ७, बोलणं ७ आले; लेखन मात्र दोन्ही वेळा ५.५. मला ६.५ हवेत. क्लासने दिलेले चाळीस निबंध पाठ आहेत, भारी शब्दांची यादीही पाठ आहे. पेपर फेरतपासणीला द्यावा का? रात्रपाळीमुळे अभ्यास होत नाही. आमच्याकडे मधुमेहाने पाय कापावा लागलेला एक तरी पेशंट नेहमी असतो. त्यांतल्या कितीतरी जणांनी त्याआधी कधी साखर तपासलेलीच नसते. त्यांचं सगळं करून सकाळी खोलीवर येते तेव्हा अंगात त्राण नसतं. सोबत माझा एक निबंध आणि लेखनाच्या पेपरातल्या आलेखाचं एक वर्णन पाठवत आहे. आलेखावरच माझा अर्धा तास जातो.

उत्तर : तुमचं पत्र आणि निबंध मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. पत्र लिहिणारी मुलगी मला लगेच कळली. निबंध कोणी लिहिलाय ते मात्र कळेना, आणि तुमचं लेखन साडेपाचावर अडकलंय ते तिथेच.

आधी फेरतपासणीचं सांगते. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत तसा अर्ज करता येतो आणि बँड (म्हणजे ९ पैकी मिळणारे गुण) वाढला तर भरलेले पैसे परत मिळतात. पण तुम्हाला पूर्ण एका बँडची वाढ हवी आहे, आणि दोन वेगळ्या पेपरांना एकच बँड मिळालाय. मी तुमच्या जागी असते तर त्या पैशांत एखाद्या चांगल्या शिक्षकाकडून आठ-दहा निबंध तपासून घेतले असते.

ब्रिटनच्या नर्सिंग ॲण्ड मिडवायफरी कौन्सिलला, म्हणजे तिथे नर्सेसची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, ऐकणं, वाचन, बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ लागतात. म्हणजे चारातलं तीन तुम्ही मिळवलंय. आपल्याला इंग्रजी येत नाही, हे आधी मनातून काढून टाका.

आता निबंध. प्रश्न असा होता : सरकारने आजार बरे करण्यापेक्षा ते होऊच नयेत यासाठी जास्त पैसा खर्च करावा, हे मत तुम्हाला कितपत पटतं? तुमची सुरुवात : ‘इन धिस मॉडर्न एरा, हेल्थ इज वेल्थ.’ पुढे एक परिच्छेद फायद्यांचा, एक तोट्यांचा. तुमचं मत येतं थेट शेवटच्या ओळीत, तेही ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ म्हणून. फायदे-तोटे तर कुणी विचारलेच नव्हते. पाठ केलेल्या चाळिसांतला एक निबंध तुम्ही या प्रश्नाच्या अंगावर चढवलात, आणि तो मापाचा नाही. लेखनाचे गुण चार बाबींवर समसमान दिले जातात : विचारलेल्याचं उत्तर दिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्दांची जाण आणि व्याकरण. पहिल्या बाबीतच तुमचे गुण गेले. आणि पाठ केलेली वाक्यं परीक्षकाला लगेच ओळखू येतात, कारण त्यांच्या आगेमागे तुमची स्वतःची वाक्यं असतात आणि दोन्हींचा पोत वेगळा असतो. कष्टाळू मुलींना असे निबंध घोकायला लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ती मेहनत तुमची होती, आणि ती चुकीच्या जागी गेली.

आता तुमच्याच पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचा. पाय कापावा लागलेले पेशंट, ज्यांनी कधी साखर तपासलेली नव्हती. या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही, आणि ते निबंधात नाही, ते थकव्याच्या तक्रारीत आलंय! इंग्रजीत ते असं होईल : ‘मेनी पेशन्ट्स हू लॉस्ट अ फूट टू डायबेटिस हॅड नेव्हर हॅड देअर ब्लड शुगर चेक्ड.’ यात एकही भारी शब्द नाही, पण वाक्यात वाक्य गुंफलंय, काळ नेमका आहे, आणि हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. यानंतर एकच वाक्य जोडा : गावातल्या आरोग्य केंद्रात साखर तपासायला जो खर्च येतो आणि आयसीयूतल्या एका दिवसाला जो येतो, त्यांची तुलना. परिच्छेद उभा राहिला. मत पहिल्याच परिच्छेदात सांगा आणि शेवटपर्यंत त्यावरून हलू नका. ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘नेव्हरदलेस’ हे तुमच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी आहेत. त्यांतले बहुतेक काढले तरी अर्थ कुठे तुटत नाही, मी काढून पाहिले.

व्याकरणात तुमची एकच मोठी गळती आहे : ‘अ’, ‘द’ आणि अनेकवचनाचा ‘एस’. आपल्यातल्या बहुतेकांची हीच असते. मराठीत ‘डॉक्टर आले’ म्हटलं की कुठले डॉक्टर ते संदर्भाने कळतं, त्यासाठी वेगळा शब्द लागत नाही. इंग्रजीत लागतो. तुम्ही लिहिलंय ‘हॉस्पिटल शुड बाय न्यू मशीन’. असा निबंध लिहून झाला की पेन्सिल घ्या, प्रत्येक नामाभोवती गोल करा आणि थांबून विचारा : हे मोजता येतं का? एक की अनेक? कुठलं ते वाचणाऱ्याला आधीच माहीत आहे का? मग ते वाक्य ‘हॉस्पिटल्स शुड बाय न्यू मशीन्स’ होतं. तुमच्या निबंधात मला अशा तेवीस जागा सापडल्या. पहिले काही दिवस हे काम कंटाळवाणं वाटेल. पण साधारण सहाव्या निबंधापासून लिहितानाच हात थबकायला लागतो, हे मी माझ्या घरच्या शिकवणीत वर्षानुवर्षं पाहिलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : रोज नवा निबंध लिहू नका. एक लिहा, तपासून घ्या, दोन दिवसांनी तोच जुना कागद न बघता पुन्हा लिहा. मग दोन्ही शेजारी ठेवा. नव्या निबंधात आपण जुन्याच चुका नव्या विषयावर करतो. तोच निबंध परत लिहिताना चूक समोर उभी राहते. दोन महिन्यांत आठ विषय, प्रत्येक तीनदा, एवढं पुरे. रात्रपाळीहून आल्यावर लिहायला बसू नका, झोपा. आठवड्याच्या सुट्टीला एक नवा लिहा आणि मधल्या दोन दुपारी तोच परत.

आता लेखनाच्या पहिल्या भागाचं, म्हणजे आलेखाच्या वर्णनाचं; निबंध हा दुसरा भाग. एकूण ६० मिनिटं असतात. पहिला भाग किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा, आणि दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. तुम्ही कळवलंय की आलेखावर अर्धा तास जातो. वीस मिनिटांत थांबायचंच. तुमचा वेळ जातो कारण तुम्ही प्रत्येक वर्षाचा आकडा सांगत बसता. ड्यूटी बदलताना हँडओव्हर कसा देता ते आठवा. पलंगाच्या चार्टवर दर तासाचा ताप लिहिलेला असतो, पण तुम्ही सकाळच्या सिस्टरला सगळे आकडे वाचून दाखवता का? ‘रात्री चढत गेला, दोनला सगळ्यात जास्त, पहाटे उतरला’ एवढं सांगता. आलेखातही हेच हवं असतं. एकंदर काय घडलं ते दोन वाक्यांत आधी, मग त्याला आधार देणारे मोजके आकडे. चांगला बँड हवा असेल तर ती दोन वाक्यं चुकवून चालत नाही, आणि तुमच्या आलेखात ती नाहीतच. हँडओव्हर देणाऱ्या मुलीला हे शिकवावं लागू नये.

संगणकावर परीक्षा दिली असेल तर साठ दिवसांच्या आत फक्त लेखन पुन्हा देण्याची सोय आहे. पण असा निकाल सगळ्याच संस्था धरत नाहीत. जिथे पाठवायचा आहे तिथला नियम वाचूनच पैसे भरा. नर्सेससाठी ओईटी नावाची दुसरी परीक्षाही ब्रिटनमध्ये चालते, तिच्यात निबंधाऐवजी पेशंटच्या नोंदींवरून पत्र लिहायचं असतं. तुमचं ऐकणं-वाचणं पाहता तो रस्ताही मोकळा आहे, पण आधी वर सांगितलेले दोन महिने करून पाहा. पुढचा निबंध मला पाठवा, आणि त्याच विषयावरचा पाठवा.

प्रश्न : मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे जर्मनी किंवा आयर्लंडला एम.एस. करायचं म्हणतो. एका क्लासवाल्यांनी ‘सात बँडची गॅरंटी’ देऊन आत्ताच परीक्षा उरकून घ्या म्हटलंय. आम्ही शेतकरी कुटुंब, फी एकदम भरायची आहे. भरावी का? त्याचे उच्चारही गावाकडचे आहेत. (एक पालक, जि. अहिल्यानगर)

उत्तर : भरू नका. आयईएलटीएसचा निकाल साधारणपणे दोनच वर्षं धरला जातो. आत्ता दिली तर अर्ज करायची वेळ येईपर्यंत तो संपत येईल आणि परीक्षेची फी दुसऱ्यांदा भरावी लागेल. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला दिली तर उत्तम. सातची गॅरंटी कुणालाच देता येत नाही, कारण पेपर तपासणारा क्लासचा माणूस नसतो. मधल्या काळात मुलाने रोज अर्धा तास त्याच्याच विषयावरचं इंग्रजी वाचावं, याला पैसे लागत नाहीत.

उच्चारांची काळजी सोडा. साहेबासारखं बोलावं अशी अपेक्षा नसते. समोरच्याला कष्ट न पडता कळलं पाहिजे, एवढंच. आपल्या ‘व’मुळे ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ सारखेच ऐकू येतात, आणि आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर देतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, असे शब्द त्याने रोज पाच मोठ्याने म्हणावेत.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. मध्ये एक विषय देऊन, एक मिनिट विचाराला देऊन, दोन मिनिटांपर्यंत बोलायला सांगतात. माझ्याकडच्या एका मुलाला ‘तुम्हाला आदर वाटणारी वयस्क व्यक्ती’ हा विषय दिला होता. त्याने एका थोर शास्त्रज्ञावरचं पाठ भाषण सुरू केलं आणि चाळीस सेकंदांत अडला. मी म्हटलं, आजीबद्दल सांग. पहाटे चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणारी आजी, तिच्या हाताला पडलेले चटके, सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून तलाठ्याकडे घातलेले हेलपाटे. व्याकरण जागोजागी चुकत होतं, पण दोन मिनिटं झाल्यावर मलाच त्याला थांबवावं लागलं. तुमच्या मुलाला घरातल्या माणसांबद्दल, विहिरीबद्दल, बाजारातल्या कांद्याच्या भावाबद्दल इंग्रजीत बोलायला लावा. तुम्हाला कळलं नाही तरी समोर बसून ऐका, त्याला कुणीतरी ऐकणारं हवं असतं.

प्रश्न : ऐकण्याच्या चाचणीत एक उत्तर सुटलं की पुढची तीन-चार जातात. काय करू? (एक विद्यार्थिनी, डोंबिवली)

उत्तर : ध्वनिफीत एकदाच वाजते, म्हणून गेलेलं सोडायला शिकायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा तिथे शेवटी अंदाजाने काहीतरी लिहा आणि नजर पुढच्या प्रश्नावर न्या. फीत सुरू व्हायच्या आधी प्रश्न वाचायला जे सेकंद मिळतात त्यांत प्रत्येक प्रश्नातला एक शब्द अधोरेखित करा. मन भरकटलं तरी तो शब्द कानावर पडला की आपण कुठे आहोत ते कळतं. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं म्हटलं असेल तर तिसरा शब्द लिहिताच उत्तर चुकीचं धरतात, मग ते अर्थाने कितीही बरोबर असो. स्पेलिंग ब्रिटिश किंवा अमेरिकन कुठलंही चालतं, चुकीचं चालत नाही. घरी रोज एका मिनिटाची इंग्रजी बातमी, जिचा मजकूरही मिळतो अशी, ऐकत ऐकत शब्दन् शब्द लिहून काढा आणि मजकुराशी ताडून पाहा. शेवटचा ‘एस’ किती वेळा सुटला ते मोजून वहीच्या समासात रोज लिहीत जा.