वाचकांचे प्रश्न : गावच्या दफनभूमीतील दगडांची नोंद

प्रश्न : आमच्या गावाबाहेर नाल्याच्या काठी ख्रिस्ती समाजाची जुनी दफनभूमी आहे. माझ्या आजोबांचे वडील छप्पनच्या (१८९९-१९०० च्या) दुष्काळात पोरके झाले आणि मिशनच्या अनाथालयात वाढले, एवढेच घरात सांगितले जाते. दफनभूमीत साठ-सत्तर कबरी असाव्यात. काही दगड कलंडले आहेत, काहींवर शेवाळ धरले आहे आणि अक्षरे नीट लागत नाहीत. समाजातील तरुण मंडळी उन्हाळ्यात गवत पेटवून जागा मोकळी करायचे, दगड ॲसिडने धुवायचे आणि अक्षरांत काळा रंग भरायचे म्हणत आहेत. आमच्या घराण्याची माहिती मिळावी म्हणून मला त्याआधी नोंद करायची आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक निवृत्त शिक्षिका, ता. चांदूर बाजार, जि. अमरावती

उत्तर : सर्वांत आधी त्या तरुणांना थांबवा. त्यांचा हेतू चांगला आहे, त्यामुळे समजावून सांगितले तर ते नक्की ऐकतील, आणि पुढच्या कामाला आपल्याला त्यांचीच मदत लागणार आहे. गवताच्या आगीने दगड एका बाजूने एकाएकी तापतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणावर अक्षरे वरच्याच थरात कोरलेली असल्यामुळे पापुद्र्याबरोबर नावही जाते. संगमरवर हा मुळात चुन्याच्या जातीचा दगड असल्याने ॲसिड त्याला अक्षरशः विरघळवते. धुतल्या दिवशी तो पांढराशुभ्र दिसतो, पण अक्षरांच्या कडा कायमच्या बोथट होतात. रंगाचे नुकसान आणखी वेगळे आहे. जो रंग भरतो तो आपल्याला जे वाचता आले तेच अक्षर पक्के करतो, आणि झिजलेला १ जर त्याला ९ वाटला तर त्यानंतर येणारा प्रत्येक माणूस ९ च वाचतो. असा चुकीचा रंगवलेला एक दगड मी पाहिला आहे. त्या घराण्याने पुढे बसवलेल्या नव्या फरशीवरही तेच चुकलेले साल कोरून घेतले होते, आणि रंगाखालचा मूळ आकडा आता कोणालाही सांगता येत नाही.

दगड कलंडतात ते आपल्या काळ्या मातीमुळे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. वर्षानुवर्षे असे वरखाली होत राहिले की जड दगडाचा आधार एका बाजूने सुटतो. कलंडलेला दगड पहारीने उचलून सरळ करू नये, कारण जुना दगड बहुधा जमिनीलगतच मोडतो. पालथा पडलेला दगडही दोघा-तिघांनी उलटण्याचा प्रयत्न करू नये. तो जसा पडला आहे तसाच नोंदवावा आणि त्याचे काम जाणत्या पाथरवटावर सोपवावे.

कामाला पौष-माघाचे दिवस निवडावेत. पावसाळ्यानंतर लगेच गेल्यास गवत व गाजरगवत कमरेइतके असते आणि त्यात घोणस असण्याची भीती खरी असते. चैत्र लागल्यावर दुपारी तेथे उभे राहवत नाही. जाण्यापूर्वी मंडळीच्या, म्हणजे तेथील चर्चच्या, पंच कमिटीची किंवा ट्रस्टची लेखी परवानगी घ्यावी, आणि ज्यांच्या कबरी अलीकडच्या आहेत त्यांच्या घरी जाऊन स्वतः सांगावे. गवत विळ्याने कापावे. दगडावरची सैल माती मऊ कुंचल्याने आणि साध्या पाण्याने काढावी. तारेचा ब्रश, साबण, पीठ, खडू, यांपैकी काहीही दगडाला लावू नये. शेवाळ चिकटून बसले असेल तर ते तसेच राहू द्यावे, त्याच्या आडूनही बरेच वाचता येते.

पहिला दिवस नकाशाचा. फाटक, विहीर, मोठे झाड अशा न हलणाऱ्या खुणा धरून कागदावर आराखडा काढावा, उत्तर दिशा दाखवावी आणि प्रत्येक कबरीला क्रमांक द्यावा. हा क्रमांक दगडावर लिहायचा नाही. पाटीवर लिहून ती पाटी व मोजपट्टी छायाचित्रात दगडाशेजारी ठेवायची. ज्या कबरीला दगड नाही, नुसता मातीचा उंचवटा किंवा विटांची चौकट आहे, तिलाही क्रमांक द्यायचा. आपल्याला आपले घराणे शोधायचे आहे हे खरे, पण नोंद सगळ्यांचीच करावी असा माझा आग्रह आहे आणि त्यामागे कारण आहे. अनाथालयात वाढलेल्या मुलांना बहुधा नवे नाव मिळाले; अनेकांनी पुढे वडिलांचे किंवा स्वतःचेच नाव आडनाव म्हणून लावले; त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावेही वेगळी असू शकतात. अशा वेळी आडनाव पाहून निवडलेले चार दगड काहीच सांगत नाहीत, मात्र कोणाच्या शेजारी कोण पुरले आहे, लहान मुलांच्या कबरी कोणाच्या पायथ्याशी आहेत, एकाच कारागिराचे अक्षर कोणकोणत्या दगडांवर आहे, यांवरून नाते उलगडू लागते. मी अगदी सुरुवातीला केवळ हवी तेवढीच नावे उतरवून आणली होती आणि त्यांचा क्रम लिहिला नव्हता. नंतर पुन्हा गेलो तेव्हा नव्या कुंपणासाठी कडेची एक रांग काढून टाकलेली होती.

आता वाचनाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नोंदीचे खरे मोल येथेच ठरते. कोरलेले अक्षर दिसते ते सावलीमुळे. ऊन समोरून पडले की खोलगट भाग आणि सपाट भाग सारखेच उजळतात आणि लेख पुसल्यासारखा वाटतो. ऊन दगडाच्या अंगाला घासून, तिरपे आले की प्रत्येक रेघेत सावली भरते. म्हणून पूर्वेकडे तोंड असलेला उभा दगड सकाळी आठला वाचू नये, तो दुपारी बाराच्या थोडे आधी वाचावा. जमिनीवर आडवी बसवलेली फरशी मात्र अगदी सकाळी किंवा दिवस कलताना पाहावी. ज्या बाजूला ऊन कधीच पोहोचत नाही तेथे एकाने चार-पाच फुटांवर आरसा धरून उजेड बाजूने पाडावा आणि दुसऱ्याने छायाचित्र घ्यावे. घरातला साधा आरसा पुरतो. संध्याकाळी विजेरी बाजूला धरूनही हेच साधते. एवढे करूनही अक्षर लागले नाही तर डोळे मिटून बोटाने रेघ चाचपावी. दगडाची मागची बाजू आणि तळ पाहायला विसरू नये, दगड कोणी बसवला ते पुष्कळदा तेथे कोरलेले असते.

मजकूर उतरवताना दगडावर आहे तेच लिहावे. शुद्धलेखन सुधारू नये, ‘मृत्यू’चे ‘म्रुत्यु’ असेल तर तसेच ठेवावे, ओळ जेथे तुटते तेथे तिरकी रेघ द्यावी, न लागलेल्या अक्षरांच्या जागी चौकटी कंसात टिंबे द्यावीत आणि आपला अंदाज वेगळ्या रकान्यात लिहावा. प्रत्येक दगड दोघांनी एकमेकांना न दाखवता वाचावा व मग ताडून पाहावा. आपण शिक्षिका होता. आठवी-नववीची दोन मुले सोबत घेतलीत तर हे काम त्यांना उत्तम जमेल. आकड्यांची शंका आली तर वाराचा उपयोग होतो. समजा, दगडावर ‘रविवार ता. ३ मार्च’ स्पष्ट आहे आणि साल १९०१ की १९०९ हे कळत नाही. १९०१ साली ३ मार्चला रविवार होता, १९०९ साली बुधवार. म्हणजे शंका मिटली. शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवावेत, आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे दिवस असतील तर ७९.

मात्र दगड हा घरच्यांनी नंतर दिलेला जबाब असतो, हे ध्यानात असू द्यावे. हाती पैसा आल्यावर, कधी वीस-वीस वर्षांनी, मुलांनी आठवणीतून साल सांगितलेले असते आणि ‘वय ६०’ हा बहुधा अंदाज असतो. म्हणून दगडाच्या जोडीला दोन कागद पाहावेत. पहिला मंडळीतील दफनाची नोंदवही. तिच्यात मृत्यूची व दफनाची तारीख, वय आणि विधी कोणी केला हे सापडू शकते. वऱ्हाडात अकोला, खामगाव या भागांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम होते आणि दुष्काळातील अनाथ मुलांना मिशनांनी एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर नेले होते, तेव्हा आपल्या पणजोबांची पहिली नोंद आपल्याच गावी असेल असे धरून चालू नये. दुसरा कागद म्हणजे कोतवाल बुक. जातीच्या दाखल्यासाठी आपल्याकडे अनेकांनी त्याची नक्कल काढलेली असते. तीच गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची नोंद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळते. तिच्यात लहान मुलाचे नाव नसून केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचे नाव असू शकते, मरणाचे कारण ताप, पटकी, देवी असे असते, आणि जुनी पाने मोडी लिपीत असतील तर मोडी जाणणारा गाठावा लागतो. छप्पनचा दुष्काळ म्हणजे संवत १९५६, अर्थात १८९९-१९००, आणि १९१८ सालची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ, या दोन काळांतील पाने मुद्दाम पाहावीत. एकाच आठवड्यात एका घरातील दोन-तीन माणसे गेलेली तेथे दिसतील, आणि दफनभूमीतील बिनदगडाच्या उंचवट्यांपैकी काहींचा अर्थ कदाचित तेव्हाच लागेल.

प्रश्न : कारंजा परिसरातील आमच्या खानदानी कब्रस्तानात उर्दू व फारसी लेखांचे आठ-दहा दगड आहेत. आम्हा भावांना उर्दू येत नाही. सनांचे काय करावे?
— एक वाचक, जि. वाशिम

उत्तर : लिपी येत नसली तरी छायाचित्र आणि नकाशा आपल्याला करता येतो, वाचन नंतर मशिदीतील मौलानांकडून किंवा उर्दू शाळेतील शिक्षकांकडून करून घ्यावे. त्यांना आपला तर्क आधी सांगू नये. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे ठरावीक आकडा मिळवून इसवी सन निघत नाही, कोष्टकच पाहावे लागते. उदाहरणार्थ, हिजरी १३३७ हे वर्ष ऑक्टोबर १९१८ मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर १९१९ मध्ये संपले, म्हणून महिना वाचल्याशिवाय इसवी साल लिहू नये. चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरकही धरावा. उर्दू आकड्यांत दोन आणि तीन यांच्यात एका दाताचाच फरक असतो आणि झिजेत तो दात आधी जातो, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आणून द्यावे. लेखाच्या शेवटी काव्याची ओळ असेल आणि साल कोठेच नसेल, तर ती ओळ एकही अक्षर न गाळता उतरवावी. अक्षरांच्या ठरलेल्या किमतींची बेरीज करून साल काढण्याची रीत फारसीत जुनी आहे आणि आपल्या पूर्वजाचे साल त्या ओळीतच दडलेले असू शकते. घरच्या जुन्या कागदांत फसली, म्हणजे महसुली कामाचा, सन आढळला तर वऱ्हाडात, म्हणजे निजामाच्या जुन्या मुलखात, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. फसली आणि हिजरी एकच समजून पिढीचा घोळ झालेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : मेळघाटातील आमच्या कोरकू गावात दगड नाहीत, मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले लाकडी मुंडे आहेत. त्यांवर अक्षर नाही. त्यांची नोंद करून काही उपयोग आहे का?
— एक वाचक, ता. धारणी

उत्तर : उपयोग तर आहेच, आणि घाईही त्यांचीच अधिक आहे. सागवानही उघड्यावर पाऊस-वाळवीपुढे पाषाणाइतके टिकत नाही. मुंड्यावरील सूर्य, चंद्र, घोडेस्वार यांची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, आणि हा मुंडा कोणाचा, कोणी कोरला, कोणत्या वर्षी कोणत्या पिकाच्या वेळी उभारला, हे गावातील जाणत्यांकडून कोरकू भाषेतच ध्वनिमुद्रित करून घ्यावे. मराठी भाषांतर मागाहून करता येईल. नाव लाकडावर नसून माणसांच्या तोंडी आहे, म्हणून येथे आधी म्हाताऱ्या माणसांकडे जावे आणि मग मुंड्यांकडे. कोणताही मुंडा जागेवरून हलवू नये, कोणी शहरातून येऊन विकत मागितला तरी देऊ नये.

प्रश्न : कामठीजवळच्या गावात राहतो. शेताच्या कडेला इंग्रजी लेखाच्या दोन जुन्या कबरी आहेत. त्या कोणाच्या हे कसे कळेल?
— एक शेतकरी वाचक, जि. नागपूर

उत्तर : कामठीची छावणी १८२१ ची आणि तेथे बराच काळ मद्रासच्या फौजेचे सैन्य होते, त्यामुळे तेथील दफनांच्या नोंदी मुंबईच्या नव्हे, मद्रासच्या दप्तरात शोधाव्या लागतात. त्यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींची माहिती जमवणारी एक संस्था तेथे १९७६ पासून काम करते, तिला छायाचित्र व मजकूर पाठवता येतो. नांगरट करताना त्या दोन्ही कबरींभोवती दोन हात जागा सोडावी, आणि सातबाऱ्यावर किंवा निस्तार पत्रकात (गावाच्या सामाईक जागा व हक्कांच्या नोंदीत) त्या जागेचा उल्लेख आहे का, हे तलाठ्याकडे पाहून घ्यावे.